चार नकाशांच्या कोपऱ्यातलं गाव

कोलशेत आजूबाजूच्या मुलखासकट पाहायचं तर चार कागद लागतात. भारतीय सर्वेक्षण विभागानं देशाचे चौकोन पाडले तेव्हा ७३ अंश पूर्व रेखांश आणि १९ अंश १५ मिनिटं उत्तर अक्षांश या दोन रेषा ठाण्याच्या उत्तरेला, कोलशेत-काल्हेरच्या खाडीपट्ट्यात एकमेकींना छेदून गेल्या. त्यामुळे ठाणे शहर ‘४७ ए/१६’ या पत्रकावर आलं, वसई ‘४७ ए/१५’ वर, भिवंडी ‘४७ ई/३’ वर आणि कल्याण ‘४७ ई/४’ वर. कोलशेतच्या वाट्याला पहिल्या पत्रकाचा पार वरचा, उजवा कोपरा आला. चारही पत्रकं कडेला कड लावून मांडावीत, तेव्हा कुठे उल्हास नदीच्या पात्राचं वळण जुळतं. एखादं पत्रक मिळालं नाही, तर गावासमोरचा काठच गायब.

आज कापूरबावडीहून कोलशेत रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना तीस-चाळीस मजली इमारती उभ्या दिसतात. वायुसेनेचं केंद्र इथंच आहे. सँडोझ, म्हणजे १९९५ नंतरची क्लॅरियंट, या कंपनीचा रंगरसायनांचा कारखाना ज्या आवारात होता, तिथं आता गृहसंकुल आहे. त्याहून पुढे आगरी-कोळ्यांचं जुनं गाव, देवळं, होड्या, रेतीबंदर आणि मग खाडी. पलीकडे भिवंडी तालुक्यातली गोदामं. सव्वाशे-दीडशे वर्षांत या काठावर भातखाचरं, खारबांध, कारखाने आणि मनोरे असे थर चढत गेले. त्यातला एकेक थर कुठल्या ना कुठल्या नकाशात पकडला गेलाय. अडचण एवढीच, की ते नकाशे एका जागी नाहीत, एका मापाचे नाहीत, आणि त्यातला एकही कोलशेतसाठी म्हणून काढलेला नाही.

टाउन हॉलमधले तेराशे कागद

शोध सुरू करायची सगळ्यांत सोयीची जागा म्हणजे मुंबईतली एशियाटिक सोसायटी. सर जेम्स मॅकिन्टॉश यांनी २६ नोव्हेंबर १८०४ रोजी ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन केली, ती हीच संस्था. फोर्टमधला टाउन हॉल १८३३ मध्ये पुरा झाला आणि तिला कायमचं घर मिळालं. लाखाहून अधिक ग्रंथ, तीन हजारांवर हस्तलिखितं आणि नाणी यांची कीर्ती मोठी. त्या मानानं तिथल्या सुमारे १३०० नकाशांबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

या संग्रहामागे आणखी एका संस्थेचा इतिहास आहे. १८३१ मध्ये मुंबईत ‘बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटी’ निघाली. तिच्यात भरणा होता तो कंपनीच्या आरमारातल्या अधिकाऱ्यांचा. तांबडा समुद्र, इराणचं आखात आणि कोकणपट्टी यांची खोली मापत फिरणारी ही माणसं. परत आली की निबंध वाचत आणि नकाशे दाखवत. १८७३ मध्ये ही संस्था एशियाटिकच्या मुंबई शाखेत विलीन झाली. त्यामुळे टाउन हॉलमध्ये नकाशे शोधणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं, की इथल्या नकाशापरंपरेचं एक मूळ बंदरात आहे. तिची नजर समुद्राकडून किनाऱ्याकडे येते.

तालिकेत ‘कोलशेत’ हे शीर्षक शोधत बसलं तर वेळ फुकट जातो. शोधायचं ते साष्टी (कोलशेत ज्या बेटावर आहे ते), ठाणे, वसईची खाडी. आणि तेही इंग्रज, पोर्तुगीज, फ्रेंच ज्याच्या त्याच्या कानाला जसं ऐकू आलं तशा स्पेलिंगांनी. टाना, टन्ना, थाना, सालसेट, साल्सेत, बसीन, बासाइं.

एकोणिसाव्या शतकातला घडीचा नकाशा जवळून पाहण्यासारखा असतो. तो अखंड कागद नसतोच. छापून झाल्यावर त्याचे आयताकृती तुकडे कापत आणि मधे दोऱ्याएवढी फट सोडून लिननच्या कापडावर चिकटवत. घडी मग कागदावर न पडता कापडावर पडे आणि घोड्यावरच्या खोगीरपिशवीत नकाशा वर्षानुवर्षं टिके. टेकड्यांना तेव्हा समोच्च रेषा नव्हत्या. उताराच्या दिशेनं बारीक रेघा ओढत. येऊरचे डोंगर असे काढले, की कागदावर केसाळ सुरवंट पसरल्यासारखे दिसतात. सीमा हातानं रंगवलेल्या. त्यातला हिरवा रंग बऱ्याचदा तांब्यापासून केलेला असे आणि तो हळूहळू कागद खातो. म्हणून काही जुन्या नकाशांत नेमकी सरहद्दीची रेघच भुगा होऊन गळते आणि भोवतालचा मुलूख शाबूत राहतो.

मुंबईची दमट हवा, कसर आणि गुंडाळून ठेवण्याची सवय हे नकाशाचे तीन वैरी. गुंडाळलेला कागद उलगडताना तडकतो. म्हणून नकाशे रुंद, उथळ खणांत सपाट ठेवायचे. आम्लानं पिवळा पडलेला कागद आधी निराम्ल करायचा, फाटलेली कड जपानी टिश्यू कागद आणि गव्हाच्या खळीनं जोडायची. खळच का, तर उद्या कुणाला ती दुरुस्ती सोडवायची झाली तर पाण्यानं सुटते. मग स्कॅनिंग. एशियाटिकनं आपल्याकडचं दुर्मीळ साहित्य ‘ग्रंथ संजीवनी’ या संकेतस्थळावर आणायला सुरुवात केली, तेव्हापासून टाउन हॉलच्या पायऱ्या न चढताही बरंच काही पाहता येतं. मूळ कागदाला जितके कमी हात लागतील तितकं त्याचं आयुष्य वाढतं.

खाडीतून दिसलेला काठ

ठाण्याच्या परिसराचं युरोपीय चित्रण सुरू होतं ते पोर्तुगिजांपासून. पुढे गोव्याचा गव्हर्नर झालेला जुआंव द काश्त्रू १५३८-३९ मध्ये गोव्याहून दीवपर्यंत किनाऱ्यानं गेला आणि त्यानं बंदरांची चित्रं व पाण्याची खोली यांची नोंद करून ठेवली. त्याच्या पुढची दोनशे वर्षं साष्टी पोर्तुगिजांकडे होती. १७६४ मध्ये फ्रेंच आरमाराचा नकाशाकार जाक निकोला बेलँ याच्या छोटेखानी सागरी नकाशासंग्रहात मुंबई आणि तिचा परिसर छापला गेला. या नकाशांत साष्टी हे बेट म्हणून ठळक उठून दिसतं, आणि होतंही ते बेटच. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला उल्हासचं मुख. कोलशेत म्हणजे या बेटाच्या ईशान्येचं वळण, जिथून पात्र पश्चिमेला घोडबंदरकडे जातं.

खलाशाला गाव नको असतं, त्याला पाणी हवं असतं. सागरी नकाशात पाण्यावर आकडे दाटीनं लिहिलेले, ते वावांत किंवा फुटांत. जमिनीवर मात्र चर्चचा मनोरा, बुरूज, एखादं उंच झाड एवढंच, कारण दिशा धरायला तेवढं पुरतं. कोळ्याच्या डोक्यातला नकाशा याहून वेगळा. उधाणाला कुठपर्यंत होडी जाते, भांगाच्या दिवसांत कुठे रुतते, कुठल्या खाजणात कोलंबी आणि कुठे निवटी, हे त्याला पाठ असतं. ते कुणी कागदावर उतरवलं नाही, म्हणून ते कुठल्याही खणात सापडत नाही. पुढे रेती उपशानं खाडीचा तळच बदलला. बुडी मारून बादलीनं रेती काढणारे डुबीवाले होते तोवर तळ सावकाश बदलत होता. सक्शन पंप आले आणि तो झपाट्यानं खरवडला गेला. जुन्या तक्त्यातले खोलीचे आकडे आज होडी हाकायला निरुपयोगी आहेत. पण काय गेलं हे सांगायला दुसरा पुरावा नाही.

फौजेची नजर तिसरीच. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीत उतरून ठाणं घेतलं आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. अशा मोहिमेत कामाला येतात ते उतार, पहारे आणि ओहोटीची वेळ. पेशवाईतल्या मोडी नकाशांची तऱ्हा याला साजेशी आहे. किल्ले, घाट, देवळं चित्रासारखी काढलेली. अंतर कोसांत लिहिलेलं. प्रमाण ठरलेलं नाही. आणि अक्षरं बऱ्याचदा वेगवेगळ्या बाजूंनी वाचायची, म्हणजे कागद जमिनीवर पसरून भोवती बसलेल्यांनी आपापल्या बाजूनं पाहावा. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, पेशवे दफ्तर आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतलं पुराभिलेखागार ही अशा कागदांची ठिकाणं. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टीच्या नकाशाची सूत्रं एका नव्या हाती गेली. हा हात महसूल मोजणारा होता.

तेहतीस फुटांची साखळी

गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जमीनमोजणीची जी पद्धत बसवली, ती पुढं मुंबई इलाख्यात सगळीकडे गेली. १८५० आणि ६० च्या दशकांत ती ठाणे जिल्ह्यात पोचली. तिचं हत्यार म्हणजे साखळी. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली. म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित जास्त. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट. हाच आपला गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आज कोलशेत रस्त्यावर चौरस फुटांत सदनिका विकल्या जातात, त्या हिशेबाच्या बुडाशी ही लोखंडी साखळी आहे.

मोजणीचा सगळ्यांत जिवंत कागद म्हणजे टिपण. शेताच्या मधून एक पायाची रेषा धरायची, शंकू लावून तिच्यावर काटकोन काढायचे आणि बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंतचं अंतर साखळी-आण्यांत लिहायचं. टिपण प्रमाणात काढलेलं नसतं. ते शेताचं ओबडधोबड चित्र असतं, पण आकडे पक्के. त्या आकड्यांवरून गुणाकार बुकात त्रिकोणांची बेरीज करून क्षेत्र काढायचं आणि सगळी शेतं जोडून गावनकाशा तयार करायचा. दीडशे वर्षांत गावनकाशाचा कागद आकसतो, ताणतो, घडीवर फाटतो. टिपणावरचे आकडे मात्र आकसत नाहीत. म्हणून हद्दीचा वाद पेटला की जुने मोजणीदार नकाशा बाजूला ठेवून आधी टिपण मागतात.

या मोजणीला जमिनीतलं एकच कळत होतं: आकार, म्हणजे शेतसारा, किती बसेल. ठाण्याच्या खाडीकाठाला तिनं भात, वरकस (भरड धान्याची हलकी जमीन) आणि खार असे वर्ग पाडले. भाताचा आकार जास्त, वरकसचा नाममात्र. पिकत नाही ते पोटखराब. चिखल, तिवरं, नाले यांचा भरणा या शेवटच्या सदरात. खार जमीन हा मधला प्रकार. खाडीला मातीचा बांध घालून, उघाडी (पाणी सोडायची झडप) बसवून, चारदोन पावसाळ्यांत मीठ धुऊन काढून मिळवलेलं ते शेत. बांधाला भगदाड पडलं आणि वेळीच बुजवलं नाही, तर भरतीचं पाणी आत शिरून शेत पुन्हा खाडीचं होतं.

आणि गावठाण? गावनकाशावर बहुधा त्याची बाहेरची हद्द तेवढी असते, आत घरनिहाय काहीच नाही. कारण सरळ आहे. घरांवर शेतसारा नव्हता, मग घरं मोजायला साखळी कशाला खर्चायची? शेताच्या तुकड्यातुकड्याला नंबर मिळाला आणि माणसं राहतात ती जागा कोरी राहिली. दीडशे वर्षांपूर्वीचा हा सरकारी काटकसरीचा निर्णय आजच्या गाववाल्यांना भोवतोय. शेत विकायचं तर सातबारा आहे. पण आजोबांच्या घराचा कागद मागितला की घरपट्टीची पावती आणि विजेचं बिल पुढं करावं लागतं. नगर भूमापन झालं तिथं मिळकत पत्रिका मिळाली. ग्रामीण भागात ड्रोननं गावठाणं मोजायचा प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीपासून सुरू झाला आणि २०२० मध्ये ‘स्वामित्व’ या नावानं देशभर गेला. पण ती योजना खेड्यांसाठी. ठाण्याची महापालिका १९८२ मध्ये झाली आणि तिच्या हद्दीतली कोलशेतसारखी गावं कागदोपत्री शहर झाली.

झाकलेला किनारा

विसाव्या शतकात सर्वेक्षण विभागाची रंगीत पत्रकं निघाली. आधी एक इंचाला एक मैल, मग दशमान पद्धतीत दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. शाळा-कॉलेजांत भूगोल शिकणाऱ्या पोरांनी गिरवली ती हीच. पण समुद्रकिनाऱ्यापासून आणि सीमेपासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातली पत्रकं कित्येक दशकं प्रतिबंधित होती. सबंध मुंबई-ठाणे त्यात. आपल्याच गावाचं पत्रक पाहायला परवानगीचा अर्ज करावा लागे. त्याच काळात अमेरिकी लष्करानं पन्नाशीच्या दशकात काढलेल्या भारताच्या नकाशांची पत्रकं टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानं इंटरनेटवर कुणालाही खुली केली. प्रमाण लहान, एकास अडीच लाख. पण मुंबईची खाडी, बेटं, रेल्वे सगळं त्यात होतं. ऑस्टिनमध्ये बसलेल्याला जे दिसे, ते ठाण्यातल्या ग्रंथपालाला मागून मिळत नसे.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानं संरक्षणासाठीची आणि नागरिकांसाठीची अशी दोन वेगळी पत्रकं केली. २०१७ मध्ये सर्वेक्षण विभागाला अडीचशे वर्षं झाली, तेव्हा नागरी पत्रकं विनामूल्य उतरवून घ्यायची सोय झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशे काढण्या-वापरण्यावरची बहुतेक परवान्यांची बंधनं उठली. लष्करी ठाण्यांसारख्या संवेदनशील जागांचे नियम वेगळे, ते राहणारच. पण गावाचा इतिहास जुळवण्याआड आता कायदा येत नाही. आड येते ती सवय. पत्रकं खुली झाली तरी वाचनालयांनी ती मागवली नाहीत.

एकावर एक

जुना नकाशा आजच्या उपग्रह चित्रावर बसवायचा तर दोन्हींत सापडणाऱ्या खुणा हव्यात. ठाण्यात त्या आहेत. किल्ला, म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह, मासुंदा तलाव, सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च, १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी आली त्या रेल्वेची मार्गरेषा, उत्तरेला घोडबंदरचा किल्ला. संगणकात या बिंदूंवर खिळे ठोकले की मधला कागद ताणला जाऊन जागेवर बसतो. इथं दोन ठिकाणी सांभाळावं लागतं. एक, जुनी पत्रकं जॉर्ज एव्हरेस्टच्या नावाच्या पृथ्वीमापनावर आधारलेली आहेत आणि आजचं जीपीएस दुसऱ्यावर. रूपांतर न करता बसवलं की सगळं गाव सरकतं. दोन, रेषेची जाडी. एकास पन्नास हजारच्या पत्रकावर अर्धा मिलिमीटर रेघ म्हणजे जमिनीवर पंचवीस मीटर.

हा पंचवीस मीटरचा हिशेब कोलशेतला महागाचा आहे. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत खाडीकाठी शंभर मीटर किंवा खाडीची रुंदी, यांत जे कमी असेल ते राखीव होतं. २०१९ मध्ये शंभराचे पन्नास झाले. म्हणजे पत्रकावरची एक रेघ इकडची तिकडे झाली तर निम्मा पट्टा त्या रेघेतच संपला. म्हणून किनारा व्यवस्थापन आराखडा एकास पंचवीस हजार आणि गावपातळीवर एकास चार हजार या प्रमाणात काढतात. तिथं एक मिलिमीटर म्हणजे चार मीटर. तक्रार करणाऱ्यानं कुठल्या प्रमाणाचा नकाशा हाती धरलाय, यावर त्याचं म्हणणं टिकतं की पडतं ते ठरतं.

थर एकावर एक ठेवले की काही गोष्टी आपोआप बोलू लागतात. एखादा सर्व्हे नंबर गावनकाशात भातशेत. पुढच्या पत्रकात बांधाची तुटक रेघ. उपग्रहाच्या चित्रात तिथं दाट तिवरं. तिवरं तोडून जमीन झाली की जमीन बुडून तिवरं झाली, या वादाचं उत्तर फक्त तारखांच्या क्रमात मिळतं. उच्च न्यायालयानं २००५ मध्ये तिवरतोडीवर बंदी घालून त्यांचे उपग्रह नकाशे करायला लावले आणि २०१८ मध्ये अंतिम निकाल दिला. तेव्हापासून सातबाऱ्यावरचं भात आणि जमिनीवरचं तिवर यांची गाठ पडली, की दोघांचेही कागद खरे निघतात. फक्त वर्षं वेगळी असतात. एकच नकाशा घेऊन भांडणारा बहुधा अर्धंच सत्य घेऊन भांडत असतो.

वाचनालयातला एक खण

येत्या काळात कोलशेतच्या काठावर रेघांची गर्दी होणार आहे. बाळकुम ते गायमुख हा सुमारे तेरा किलोमीटरचा खाडीकिनारा मार्ग, काल्हेरकडे जाणारा खाडीपूल, राष्ट्रीय जलमार्ग ५३ वरची कोलशेतची जेट्टी. २०१६ च्या कायद्यानं हा जलमार्ग जाहीर झाला, म्हणजे पावणेपाचशे वर्षांपूर्वी काश्त्रूनं केलं तेच काम पुन्हा आलं: पाण्याची खोली मोजा. प्रत्येक प्रकल्पाबरोबर नकाशा येतो आणि तो काढणाऱ्याला हवं तेवढंच दाखवतो. अभियंत्याच्या नकाशात मार्गरेषा असते, पण उघाडी नसते. विकास आराखड्यात आरक्षणाचे रंग असतात, पण जाळी सुकवायची जागा नसते. यात कुणाचं कपट असेलच असं नाही. खलाशाला पाणी दिसलं, मोजणीदाराला आकार दिसला, तसंच हे.

यावर उपाय मोठ्या संस्थेनं करायची वाट पाहण्याची गरज नाही. ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे. विनायक लक्ष्मण भावे यांच्यासारख्यांनी ते उभं केलं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय तर १८६४ चं. अशा वाचनालयांनी आसपासच्या प्रत्येक गावासाठी नकाशांचा एक खण ठेवावा. त्यात काय असावं, तर गावनकाशाची प्रमाणित प्रत आणि मिळतील तेवढी टिपणं, जी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून मिळतात, सर्वेक्षण विभागाची जुनी-नवी पत्रकं, कोलशेतच्या बाबतीत चारही, एशियाटिक आणि पुराभिलेखागारातल्या साष्टीच्या नकाशांच्या प्रती, किनारा व्यवस्थापनाचं एकास चार हजारचं पत्रक, विकास आराखडा, आणि दर पाच वर्षांचं उपग्रह चित्र. प्रत्येकाच्या पाठीवर प्रमाण, वर्ष आणि तो कुणी कशासाठी काढला, या तीन नोंदी.

शिवाय एक कागद गावानं स्वतः काढायचा. म्हाताऱ्या कोळणी, शेतकरी, डुबीवर गेलेले बाप्ये यांना गावनकाशाच्या मोठ्या प्रतीभोवती बसवून विचारायचं: बांध कुठून कुठे होता, उघाडी कुठे, होडी कुठे लागायची, गावठाणात कुणाचं घर कुठवर. सांगितलं तसं, सांगणाऱ्याच्या संमतीनं आणि तारखेसह लिहायचं. दोघांनी वेगळं सांगितलं तर दोन्ही लिहायचं. याला अधिकृत मोजणीचा दर्जा नाही. पण सुनावणीत अधिकाऱ्यापुढं ठेवलेला तारीखवार कागद आणि ‘पूर्वीपासून आमचं आहे’ हे तोंडी वाक्य, यांत फरक पडतो. कोऱ्या राहिलेल्या गावठाणात काय होतं हे सांगणारी पिढी अजून आहे, पण ती थोडी उरलीय.

आराखडा जाहीर झाला की हरकती-सूचनांसाठी महिन्याभराची मुदत मिळते. तेवढ्यात अर्ज लिहून होतो. दीडशे वर्षांचे कागद गोळा होत नाहीत. ते त्याआधीच कुणीतरी जमवून, लावून, नोंदवून ठेवलेले असावे लागतात. हे काम वाचनालयाचं आहे.